फुगा, सीडी आणि बाटलीचं झाकण: घरगुती हॉवरक्राफ्ट नेमकं तरंगतं कशामुळे?

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एखादं तरी हॉवरक्राफ्ट हमखास दिसतं. जुनी सीडी, त्यावर बाटलीचं झाकण, झाकणावर फुगा. पण परीक्षक "हे वर कशामुळे उचललं जातं?" असं विचारतात तेव्हा ठरलेलं उत्तर येतं: न्यूटनचा तिसरा नियम, हवा खाली जाते म्हणून सीडी वर जाते. अनेक व्हिडिओंमध्येही हेच सांगितलेलं असतं. पण हे उत्तर रॉकेटचं आहे, हॉवरक्राफ्टचं नाही. यंदा माझ्या भाचीने नववीच्या प्रोजेक्टसाठी हेच निवडलं, तेव्हा मी कॅल्क्युलेटर उघडून हिशोब केला. तो इथे मांडतोय.

आधी बनवायचं कसं ते बघू.

सिपर बाटलीचं वर-खाली सरकणारं झाकण मिळालं तर उत्तम, कारण ते बंद ठेवून आरामात फुगा चढवता येतो. नसेल तर साध्या झाकणाला मधोमध भोक पाडा. सीडीच्या खालून बोट फिरवा. एका बाजूला मध्यभागी बारीकसा गोल उंचवटा लागेल, ती बाजू वर ठेवा. तो खाली राहिला तर जमिनीला घासू शकतो. आता झाकण सीडीच्या भोकावर बरोबर मधोमध चिकटवा. ग्लू गन चालते, एम-सील त्याहून बरं, कारण कडेने हवा गळत नाही. झटपट सुकणारे गोंद ठिसूळ असतात, फुगा ओढताना झाकण निघून येतं. फुगा मोठा फुगवला की एका बाजूला लवंडतो आणि सीडीची एक कड घासायला लागते. यावर सोपा उपाय: कागदी कपाचा तळ कापून त्याची कॉलर फुग्याच्या मानेभोवती बसवा.

फरशीच्या सांध्यांवर हे अडकतं आणि खडबडीत शहाबादीवर चालतच नाही. काचेचं टेबल, सनमायका किंवा स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा वापरा.

आता हिशोब

सीडीचा व्यास १२ सेंमी, म्हणजे क्षेत्रफळ साधारण ११३ चौरस सेंमी. सीडी, झाकण, फुगा सगळं मिळून २५ ग्रॅम धरू, म्हणजे वजन ०.२५ न्यूटनच्या आसपास. हे वजन त्या क्षेत्रफळावर वाटलं तर सीडीखाली सरासरी फक्त २२ पास्कल जास्तीचा दाब पुरतो. वातावरणाचा दाब एक लाख पास्कलच्या वर आहे! फुग्याच्या आतला जास्तीचा दाबसुद्धा साधारण एक ते तीन हजार पास्कल असतो. म्हणजे दाबाची चणचण अजिबात नाही.

आता रॉकेटवालं उत्तर तपासू. फुगा २० सेकंदांत ३ लिटर हवा सोडतो असं समजा. ही हवा सेकंदाला ०.२ ग्रॅमसुद्धा भरत नाही. ती ताशी २०० किमीपेक्षा जास्त वेगाने सरळ खाली सुटते असं मानलं, तरी मिळणारा धक्का जेमतेम एका ग्रॅमच्या वजनाएवढा. उचलायचेत २५ ग्रॅम. जमणारच नाही.

मग उचलतं कोण? सीडी आणि टेबल यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीत कोंडलेली हवा. ती कडेने सहज निसटू शकत नाही, म्हणून दाब साचतो आणि तो सगळ्या तळावर वर ढकलतो. हे परीक्षकांना दाखवायला एक झकास प्रयोग आहे: हवा सुरू असताना हॉवरक्राफ्ट टेबलाच्या १० सेंमी वर धरा आणि सोडा. सरळ खाली पडेल. तेच टेबलावर ठेवलं की तरंगेल. फुगा तोच, हवा तीच, फरक फक्त जवळच्या जमिनीचा. (क्रिया-प्रतिक्रिया इथेही आहेच, पण ती साचलेल्या दाबातून येते, झोताच्या धक्क्यातून नाही.)

भोक किती मोठं ठेवायचं?

प्रोजेक्टमधली खरी गंमत मला इथे वाटते. पातळ फटीतून हवा वाहण्याचं गणित असं आहे की वजन तेच असेल तर फटीची उंची दुप्पट करायला हवा आठपट लागते. वरच्या आकड्यांवरून माझ्या हिशोबाने फट येते अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. आता उलटा विचार करा: हवेचा प्रवाह निम्मा केला तर उंची फक्त २० टक्क्यांनी घटते, पण फुगा दुप्पट वेळ टिकतो! म्हणून भोक लहान ठेवणं फायद्याचं. १ मिमीपासून सुरू करा, मग २, मग ३, आणि प्रत्येक वेळी तरंगण्याचा वेळ स्टॉपवॉचवर मोजा. भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही. फार लहान झालं तर पृष्ठभागाचे उंचसखल कण आड येतात आणि सीडी अडखळते. ही मर्यादा तुमच्या टेबलावर कुठे येते ते शोधणं, हाच प्रोजेक्ट.

मोजायला फोन आहेच. आधी लेव्हल अ‍ॅपने टेबल तपासा. १ अंशाचा उतार असला तरी हॉवरक्राफ्ट २ सेकंदांत साधारण ३४ सेंमी आपोआप सरकतं आणि तुम्हाला वाटतं की तुम्ही दिलेल्या धक्क्याने गेलं. मग शेजारी पट्टी ठेवून वरून स्लो मोशन व्हिडिओ काढा, एकदा फुग्यासह आणि एकदा फुग्याशिवाय. वेग किती लवकर कमी होतो यातला फरक स्पष्ट दिसतो. "घर्षण शून्य होतं" असं मात्र लिहू नका. ते खूप कमी होतं, शून्य नाही. वेळ असेल तर झाकणाभोवती समान अंतरावर नाणी ठेवून वजन वाढवत जा.

खऱ्या हॉवरक्राफ्टची सुरुवातही घरगुती सामानातूनच झाली. ब्रिटिश इंजिनिअर ख्रिस्तोफर कॉकरेल यांनी १९५५ मध्ये एक लहान डबा मोठ्या डब्यात बसवला, मधल्या फटीतून हवा मारली आणि खालचा दाब स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजला. २५ जुलै १९५९ रोजी त्यांच्या एसआर-एन१ ने इंग्लिश खाडी पार केली. पुढे तळाला रबरी झालर, म्हणजे स्कर्ट, आला. त्यामुळे फट लहान ठेवूनही लाटा आणि खडबडीत जमीन ओलांडता येऊ लागली. आपल्या तटरक्षक दलाकडेही हॉवरक्राफ्ट आहेत. कच्छकडच्या उथळ, चिखलाच्या किनाऱ्यावर साधी बोट रुतते तिथे ती कामाला येतात.

माणूस बसेल असं मोठं मॉडेल करायचं असेल तर ४ फूट व्यासाचा गोल प्लायवूड, खाली जाड प्लास्टिकचा स्कर्ट आणि धूळ उडवायचा इलेक्ट्रिक ब्लोअर लागतो. एकूण ६० किलो धरले तर दाब लागतो सुमारे ५०० पास्कल, म्हणजे ५ सेंमी पाण्याच्या उंचीएवढाच. पण इथे २३० व्होल्टची वायर मागे फरफटत येते. त्यामुळे ते शाळेच्या सरांसमोर, कोरड्या हॉलमध्ये आणि ईएलसीबी असलेल्या सॉकेटवरच करा.