घातलेला उखाणा, घेतलेला उखाणा

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत देवळाली प्रवरात रोज कुणा ना कुणाकडे हळदीकुंकू असायचं. ओसरीवर बायका, हातात तिळगुळाची वाटी, काटेरी हलवा, वाणाचं एखादं भांडं. नवी सून आली की सगळ्या एका सुरात म्हणायच्या, "नाव घे गं!" ती लाजायची, मागे सरायची आणि शेवटी सुरू व्हायची. आमच्या पाटपाण्याच्या, उसाच्या मुलखात उखाणाही तसाच यायचा:

पाटाला सुटलं पाणी, वाफा भरला काठोकाठ,
अमुकरावांचं नाव घेते, सोडा आता वाट.

माझी आजी या बायकांत नसायची. तिचं कपाळ रिकामं होतं. ती आत, चुलीपाशी, आम्हा पोरांना घेऊन बसायची आणि आम्हाला कोडी घालायची. तिच्या तोंडी मात्र कोडं हा शब्द नव्हता. "ऐका, उखाणा घालते," म्हणायची. आम्हाला वाटायचं, आजी शब्द चुकते. ओसरीवर घेतात तो उखाणा, आत चुलीपाशी असतो तो उखाणा कसा?

आजी चुकत नव्हती. तिचाच अर्थ थोरला आहे.

उखाणा हा शब्द संस्कृत 'उपाख्यान'वरून आला असं सांगतात. शेजारच्या गुजरातीत 'उखाणुं' म्हणजे आजही सरळ कोडंच. मोल्सवर्थच्या 1857च्या मराठी-इंग्रजी कोशातही उखाणा म्हणजे कोडं हा अर्थ आहे. भाषेनं दोन्ही अर्थ क्रियापदांतून वेगळे ठेवले. कोड्याचा उखाणा घालतात, नावाचा उखाणा घेतात. घालणारी समोरच्याला पेचात टाकते, घेणारी स्वतः पेचात असते. एवढा मोठा फरक दोन साध्या क्रियापदांवर सोपवणारी मराठी मला म्हणूनच फार आवडते.

घालायचा उखाणा आपल्याकडे किती जुना? वात्स्यायनाच्या कामसूत्रातल्या चौसष्ट कलांत प्रहेलिका, म्हणजे कोडं, आहे. तिच्या शेजारीच प्रतिमाला आहे. एकानं म्हटलेल्या श्लोकाच्या शेवटच्या अक्षरावरून दुसऱ्यानं नवा श्लोक म्हणायचा, ही प्रतिमाला. एसटीत बसून आपण गाण्याच्या भेंड्या लावतो त्या हिच्याच वंशातल्या. त्यापुढे दुर्वाचकयोग येतो, बोलताना जीभ अडखळेल अशा शब्दांचा खेळ. दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या घरी जे चालतं त्याची जवळजवळ पूर्ण यादी तिथं मिळते. पुढे दंडीनं काव्यादर्शात प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले.

हे पंडितांचं झालं. आमची प्रवरा मात्र आणखी जवळची साक्ष देते. ती खाली नेवाशाकडे जाते, जिथे शके 1212मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्याही पुढे टोक्याजवळ ती गोदावरीला मिळते आणि गोदावरी पैठणला, नाथांच्या गावी जाते. ज्ञानदेवांच्या नावावरच्या कूट रचना आणि नाथांची भारुडं याच पाण्याकाठची. वरवर विंचू, आत विकार. ऐकणाऱ्याला आधी हसू येतं, अर्थ मागून कळतो. चुलीपाशी कोडी ऐकलेल्या माणसांना भारुड समजावून सांगावं लागत नसणार, असं मला वाटतं.

मग या कोड्याचं नाव घेणं कसं झालं? माझा तर्क असा. नवऱ्याचं नाव उच्चारायचं नाही, हा जुना दंडक. नवऱ्यानंही बायकोचं, थोरल्या मुलाचं नाव घेऊ नये असं संस्कृत वचन आहे, म्हणून तर घरोघर 'अहो' आणि 'अगं' चालायचं. पण बाईवर हा नियम जास्त घट्ट बसला. जे सरळ बोलायचं नाही ते आडून बोलायला कोड्यासारखं दुसरं साधन नाही. कोडं म्हणजे एखाद्या वस्तूचं नाव न घेता तिचं वर्णन करणं. बाईनं तो साचा उचलला. पहिल्या ओळीत पाट, वाफा, हलवा, चांदणं असं काहीही आलं, तरी ऐकणाऱ्या सगळ्यांना उत्तर आधीच ठाऊक असतं. गंमत असते ती तिनं ते ओठांपर्यंत आणून किती वेळ धरून ठेवलं, यात. डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या कामात अशा ओव्या-उखाण्यांचं धन निगुतीनं जमवलं, हे त्यांचे आपल्यावर उपकार आहेत.

आता कोडं चौकटीत गेलं आहे. तेही सणातच जन्मलं. आर्थर विन यानं 'न्यू यॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात हिऱ्याच्या आकाराचं पहिलं शब्दकोडं दिलं ते 21 डिसेंबर 1913 रोजी, नाताळच्या तोंडावर. आपला 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक त्याआधीचा, 1909चा. पुढे वाचायची फुरसत आणि कोड्याची चौकट दिवाळी अंकांत एकत्र नांदू लागली. मराठीत घरात अक्षर बसतं, वर्ण नाही: काना-मात्रेसकट 'को' एका घरात, जोडाक्षर 'ज्ञ' एका घरात. त्यामुळे आडवा शब्द उभ्याला जिथे छेदतो तिथे नुसता 'क' जुळून भागत नाही, त्याची वेलांटीही जुळावी लागते. मराठी शब्दकोडं रचणाऱ्याचा घाम इथे निघतो.

या चौकटीला एकदा पैशाची लालूच लागली होती. सूचना अशी द्यायची की तीन-चार शब्द चपखल बसावेत आणि बरोबर कोणता ते आधीच पाकिटात बंद. 1955च्या कायद्यानं अशा स्पर्धांच्या बक्षिसांवर महिन्याला 1000 रुपयांची मर्यादा घातली. बंगळूरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकातल्या शब्दकोड्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1957 साली निकाल लागला, की हा बुद्धीचा खेळ नसून जुगार आहे. चुलीपाशी हा निकाल आधीच लागलेला होता. आजीच्या कोड्याला दोन उत्तरं बसली तर ती ते कोडंच मोडीत काढायची.

मे 2022मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारनं इतर गावांनाही तेच करायला सांगितलं. ती बातमी वाचली तेव्हा मला आमची ओसरी आठवली. नाव घ्यायची मनाई झालेल्या बाईनं आत बसून त्या शब्दाचा मूळ अर्थ जपला होता. आजोबांचं नाव तिच्या तोंडून आम्ही कधीच ऐकलं नाही. बाहेर हशा पिकला की ती क्षणभर गप्प व्हायची, मग लाकूड आत सारून आम्हाला म्हणायची, "ऐका, घालते:"

अंगभर गाठी, शेंड्याला तुरा,
जितका पिळावा, तितका बरा.

आणि आम्ही सगळे एकदम ओरडायचो.