साथ, चाचणी आणि ‘कितीपैकी?’

मार्च 2020 च्या मध्यावर आपल्या वसईत तबलीगी जमातचा मोठा इज्तेमा भरणार होता. कोरोनाची चाहूल लागली, परवानगी नाकारली गेली आणि इज्तेमा झाला नाही. पुढे एप्रिलमध्ये तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनीच हे जाहीर सांगितलं. जमणाऱ्यांचा आकडा त्यांनी 50 हजारांच्या घरात दिला होता. त्याच सुमारास दिल्लीत निजामुद्दीन मरकजला लोक जमले. त्यानंतरचा गदारोळ सगळ्यांना आठवतो, वसई मात्र फारशी कुणाला आठवत नाही.

त्या गदारोळाचा एक धागा चाचण्यांच्या नियमांत आहे. 17 मार्चच्या आयसीएमआरच्या नियमानुसार परदेशातून आलेले, रुग्णाच्या संपर्कात आलेले आणि आरोग्य कर्मचारी यांचीच चाचणी व्हायची, तीही लक्षणं दिसली तर. 20 मार्चला नियम बदलला. रुग्णाच्या अगदी जवळच्या संपर्कातल्या माणसाची, लक्षणं नसली तरी, पाचव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान एकदा चाचणी करायची असं ठरलं. किट कमी, प्रयोगशाळा मोजक्या. त्यामुळे सरसकट सगळ्यांना तपासणं शक्यच नव्हतं, हे मान्य करायला हवं.

मग मरकजचं प्रकरण आलं. तिथे जाऊन आलेल्यांना आणि त्यांच्या संपर्कातल्यांना राज्याराज्यांत शोधून काढलं गेलं. ताप असो-नसो, स्वॅब घेतले गेले. 18 एप्रिलला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितलं की देशातल्या 14,378 रुग्णांपैकी 4,291, म्हणजे 29.8 टक्के, या एका कार्यक्रमाशी जोडलेले आहेत. टीव्हीवर हा टक्का दिवसरात्र फिरला.

मी भाषेचा शिक्षक, गणित माझा विषय नाही. पण शेकडेवारी ऐकली की ‘कितीपैकी?’ हे विचारायला चौथीतलं पोरही शिकतं. मरकजशी संबंधित किती जण तपासले आणि बाकीच्या जनतेतले किती? एका गटाला लक्षणांशिवाय तपासलं आणि दुसऱ्याला खोकला-ताप येईपर्यंत थांबवलं, तर दोघांचे आकडे एका तराजूत घालता येत नाहीत. मरकजमधून संसर्ग पसरला हे खरंच आहे. अशा वेळी गर्दी जमवण्याच्या निर्णयावर टीका व्हायलाच हवी, मीही करतो. त्या लोकांना तपासणंही योग्यच होतं. त्यातून जे शिकायचं होतं, ते मात्र आपण शिकलो नाही.

शिकायचं हे होतं की धडधाकट दिसणाऱ्या माणसातही हा विषाणू असतो. फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाज अडकलं होतं. त्यावरच्या 3,711 जणांपैकी 712 बाधित निघाले आणि तपासणीच्या वेळी त्यांतल्या अनेकांना काहीच त्रास होत नव्हता. एप्रिलमध्ये मुंबईच्या आझाद मैदानात पत्रकारांचे स्वॅब घेतले. 171 पैकी 53 पॉझिटिव्ह आले, बहुतेकांना लक्षणं नव्हती. ते कुठल्या जमातीचे होते?

जुलैमध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ततपासणीचं सर्वेक्षण झालं. झोपडपट्ट्यांत 57 टक्के आणि इतर वस्त्यांत 16 टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली. तेव्हा सरकारी नोंदीतले रुग्ण शहराच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या आसपास होते. बाकीच्यांना संसर्ग होऊन गेला, पण त्याची नोंदच झाली नाही. त्या तीन वॉर्डांतलं एक दहिसर, आपल्या वसई रोडहून चौथं स्टेशन. टाळेबंदीतही वसई-विरारच्या नर्स, वॉर्डबॉय, पोलीस, सफाई कामगार बसने रोज मुंबईला जात होते. त्यांच्यातल्या कुणाला नकळत संसर्ग झाला असेल, तर आपण त्याला गुन्हेगार म्हणणार का?

असं आधीही घडलंय. मुंबईत 1896 ला प्लेग आला, 1897 ला साथरोग कायदा झाला. हाच कायदा 2020 मध्येही लागू केला गेला. तेव्हा पथकं घरांत शिरून माणसांच्या काखा-जांघांतल्या गाठी शोधत होती. रोग उंदरांवरच्या पिसवांतून येतो, हे पॉल-लुई सिमों यांनी 1898 मध्ये दाखवलं. डोळ्यांना दिसेल तेवढंच शोधलं की खरी वाट निसटते.

आपल्या परंपरेतही याचा धडा आहे. हजरत उमर (रजि.) शामकडे निघाले असता सर्ग इथे प्लेगची खबर मिळाली आणि ते मागे फिरले. तेव्हा जी हदीस सांगितली गेली तिचा आशय असा: साथीच्या मुलखात जाऊ नका आणि तिथे असाल तर पळून बाहेर पडू नका. यात आजारी आणि निरोगी असा भेद नाही. बंधन सगळ्यांना सारखं, म्हणून बोट कुणा एकाकडे जात नाही.

21 ऑगस्ट 2020 ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 29 परदेशी जमातींवरचे गुन्हे रद्द केले. साथीच्या काळात बळीचा बकरा शोधला जातो, असं न्यायमूर्तींनी नोंदवलं. पण निकाल येईपर्यंत भाजीवाल्याला नाव विचारायची सवय अनेक गल्ल्यांत रुजली होती.

म्हणून मागणी साधी आहे. पुढच्या साथीत महापालिका असो वा मंत्रालय, बाधितांच्या प्रत्येक आकड्याशेजारी किती जणांना तपासलं आणि कोणत्या नियमाने तपासलं, हेही छापावं. त्या एका ओळीने कदाचित एखाद्या भाजीवाल्याची हातगाडी वाचेल.