अणुसंशोधनाचा राजाश्रय : प्रयोगशाळा की विद्यापीठ?

भारतातील अणुसंशोधनाची गोष्ट आपण वर्गात बहुधा ४ ऑगस्ट १९५६ या तारखेपासून सांगतो. त्या दिवशी ट्रॉम्बे येथे 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. सोव्हिएत संघ वगळता आशियातील ती पहिली. पाण्याच्या खोल हौदात इंधनाच्या कांड्या आणि भोवती निळसर प्रकाश, हे तिचे चित्र विद्यार्थ्यांना आवडते आणि ते दाखवावेच. परंतु अणुभट्टीला युरेनियम जितके लागते तितकाच पैसाही लागतो. तो पैसा कोणी दिला, कोणत्या अटींवर दिला आणि कोणाला दिला नाही, ही गोष्ट पुस्तकांत सहसा नसते.

सुरुवातीचा पैसा सरकारचा नव्हता. १२ मार्च १९४४ रोजी डॉ. होमी भाभा यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला एक पत्र लिहिले. मूलभूत भौतिकशास्त्राच्या संशोधनासाठी एक संस्था काढावी, म्हणजे दोनेक दशकांनी अणुऊर्जेपासून वीज निर्माण होऊ लागेल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. तारीख पुन्हा एकदा पाहावी. हिरोशिमावर बाँब पडायला अजून सुमारे सतरा महिने अवकाश होता. शिकागोला १९४२ च्या डिसेंबरमध्ये पहिली अणुभट्टी चालली होती, पण ती गोष्ट युद्धकाळातील गुपित होती. तरीही केवळ प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांवरून भाभांना पुढचे दिसत होते.

टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ मध्ये प्रथम बंगलोरला निघाली आणि त्याच वर्षी मुंबईत आली. पहिल्या वर्षाचे अंदाजपत्रक ८०,००० रुपयांचे होते. त्यात ट्रस्टचे ४५,००० रुपये, मुंबई सरकारचे २५,००० आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे १०,०००. म्हणजे निम्म्याहून अधिक भार खासगी दानाचा होता. दहा वर्षांत हे प्रमाण पार उलटले आणि केंद्र सरकार हाच मुख्य आश्रयदाता झाला.

तिकडे कलकत्त्यात डॉ. मेघनाद साहा विद्यापीठाच्या आवारात सायक्लोट्रॉन उभारण्याच्या खटपटीत होते. त्यांनाही टाटा ट्रस्टने मदत केली होती. पण अमेरिकेहून निघालेली काही यंत्रसामग्री युद्धात जहाजाबरोबर बुडाली आणि काम रखडले. त्यांची अणुभौतिकी संस्था पुढे जानेवारी १९५० मध्ये सुरू झाली आणि तिचे उद्घाटन इरेन जोलिओ-क्यूरी यांनी केले. संशोधन आणि अध्यापन एकाच छपराखाली असावे, एम. एस्सी.च्या विद्यार्थ्याने सकाळी व्याख्यान ऐकावे आणि दुपारी त्याच प्राध्यापकाच्या यंत्रावर हात काळे करावेत, ही साहांची दृष्टी.

स्वातंत्र्यानंतर आठ महिन्यांच्या आत, एप्रिल १९४८ मध्ये, पंतप्रधान नेहरूंनी घटना परिषदेच्या कायदेमंडळापुढे अणुऊर्जा विधेयक मांडले. फाळणीचे निर्वासित, धान्याची टंचाई, काश्मीरचे युद्ध अशा काळात हे विधेयक यावे, यावरूनच नेहरू या विषयाला किती महत्त्व देत होते ते कळते. विधेयकात गुप्ततेची कलमे कडक होती. म्हैसूरचे सदस्य एस. व्ही. कृष्णमूर्ती राव यांनी ब्रिटन आणि अमेरिकेचे कायदे वाचून येऊन नेमका प्रश्न केला : ब्रिटनमध्ये गुप्तता संरक्षणविषयक संशोधनापुरती आहे, आपल्याकडे शांततेसाठीच्या संशोधनावरही ती का? नेहरूंनी या दोन वापरांत भेद कसा करायचा हे आपल्याला ठाऊक नाही, अशा अर्थाचे उत्तर दिले. विधेयक मंजूर झाले.

आमच्या मते हे उत्तर प्रामाणिक होते. विखंडनातून बाहेर पडणारे न्यूट्रॉन वीज करणार की प्लुटोनियम, हे त्या न्यूट्रॉनवर लिहिलेले नसते. एकाच भट्टीत दोन्ही घडते. मात्र भेद करता येत नाही म्हणून सर्वच झाका, हा निष्कर्ष त्यातून आपोआप निघत नाही. सर्वच उघडे ठेवा, असाही काढता आला असता. तो काढला गेला नाही.

१० ऑगस्ट १९४८ रोजी अणुऊर्जा आयोग स्थापन झाला. भाभा अध्यक्ष, के. एस. कृष्णन आणि शांतिस्वरूप भटनागर सदस्य. आयोगाला हाताशी काय होते? केरळच्या किनाऱ्यावरची काळी वाळू. या वाळूतील मोनाझाइटमध्ये थोरियम असते. गावाकडे लग्नाच्या वरातीत गॅसबत्ती पाहिलेल्यांना तिचे पांढरे मँटल आठवेल. त्या मँटलसाठी लागणाऱ्या थोरियमपायी त्रावणकोरची ही वाळू विसाव्या शतकाच्या आरंभापासून परदेशी जात होती. १९५० मध्ये 'इंडियन रेअर अर्थ्स' ही कंपनी निघाली आणि १९५२ मध्ये आलुवा येथे वाळूवर प्रक्रिया करणारा कारखाना चालू झाला. भाभांचा तीन टप्प्यांचा कार्यक्रम याच खनिजावर बेतलेला आहे. आपल्याकडे युरेनियम थोडे आणि हलक्या प्रतीचे, थोरियम मात्र विपुल. पण थोरियम स्वतः पेटत नाही. म्हणून आधी नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी वापरून वीज व प्लुटोनियम मिळवायचे, मग त्या प्लुटोनियमवर द्रुत प्रजनक भट्ट्या चालवायच्या, आणि शेवटी थोरियमपासून युरेनियम-२३३ तयार करून ते जाळायचे. पहिली काडी शेजारून आणून स्वतःची चूल पेटती ठेवण्यासारखेच हे होते.

१९५४ मध्ये ट्रॉम्बेची अणुऊर्जा संस्था आणि स्वतंत्र अणुऊर्जा खाते अस्तित्वात आले. खाते थेट पंतप्रधानांच्या हाताखाली, भाभाच सचिव, आणि कचेरी दिल्लीत न ठेवता मुंबईत. सरकारी कामकाज ज्यांनी पाहिले आहे त्यांना या शेवटच्या गोष्टीचे मोल सांगायला नको. १ मार्च १९५८ च्या ठरावाने आयोगाला पूर्ण प्रशासकीय आणि आर्थिक अधिकार दिले; वित्त सदस्य आयोगातच बसू लागला. एरवी एका उपकरणाच्या आयातीसाठी फाइल महिनोन्‌महिने फिरते, तेथे निर्णय झपाट्याने होऊ लागले. 'अप्सरा' बांधायचे १९५५ मध्ये ठरले आणि पुढच्याच वर्षी ती चालू झाली. इंधन ब्रिटनचे होते. नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा येथील लोकांनी घडवली.

साहा तोपर्यंत लोकसभेत अपक्ष म्हणून निवडून आले होते. १० मे १९५४ रोजी अणुऊर्जेवर चर्चा झाली तेव्हा त्यांनी १९४८ च्या कायद्यातील गुप्ततेवर आणि विद्यापीठांना बाजूला ठेवण्यावर टीका केली. आयोग स्थापन झाला तेव्हाही, आधी माणसे आणि उद्योग तयार करा, असेच त्यांचे म्हणणे होते. फेब्रुवारी १९५६ मध्ये ते वारले. 'अप्सरा' त्यांनी पाहिली नाही.

दोघांत बरोबर कोण? अणुभट्टीला धातुतज्ज्ञ, रसायनज्ञ, इलेक्ट्रॉनिकीचे जाणकार आणि किरणोत्साराच्या धोक्यावर लक्ष ठेवणारे डॉक्टर एकाच ठिकाणी, वर्षानुवर्षे लागतात. १९५० च्या सुमाराचे आपले कोणतेही विद्यापीठ हे पेलू शकले नसते. त्या मुद्द्यावर आम्ही भाभांच्या बाजूचे. पण त्याची किंमत पडली आणि ती विद्यापीठांनी भरली. हुशार पदवीधर ट्रॉम्बेला गेले, नवी उपकरणे तेथे गेली. १९५७ मध्ये ट्रॉम्बेने स्वतःचे प्रशिक्षण विद्यालय काढले. ते उत्तमच निघाले, पण विद्यापीठातून आलेल्या पदवीधराला पुन्हा वर्षभर शिकवावे लागते, ही कबुलीही त्यात होती.

आश्रय भरघोस असला की आश्वासनेही भरघोस होतात. १९८७ पर्यंत वीस ते पंचवीस हजार मेगावॅट, असा अंदाज भाभांनी १९६२ मध्ये वर्तवला होता. १९८७ साली तारापूर, रावतभाटा आणि कल्पाक्कम येथील सहा भट्ट्या मिळून क्षमता दीड हजार मेगावॅटच्या आत होती. याला परदेशांनी अडवलेले साहाय्य कारण होते, तसेच मुळातला अंदाजही फार आशावादी होता. खात्याचे हिशेब बाहेरच्या जाणकारांनी खुलेपणाने तपासले असते, तर तो आधीच खाली आला असता असे आम्हाला वाटते.

परदेशी साहाय्य आटले ते १९७४ मध्ये. कॅनडाने दिलेल्या आणि १९६० मध्ये सुरू झालेल्या 'सायरस' भट्टीतील प्लुटोनियम १८ मे रोजी पोखरणच्या चाचणीत वापरले गेले. कृष्णमूर्ती राव यांच्या प्रश्नाला सव्वीस वर्षांनी वाळवंटात उत्तर मिळाले. कॅनडाने रावतभाट्याचे सहकार्य थांबवले. तेथील दुसरी भट्टी भारतीय अभियंत्यांनी पुरी केली आणि ती १९८१ मध्ये वीज देऊ लागली.

त्याच १९७४ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. सुरुवातीला पैसा पुन्हा सर दोराबजी टाटा ट्रस्टचा होता. केंद्राच्या लोकांनी पहिल्या कामासाठी गाव निवडले जळगाव जिल्ह्यातील खिरोदा. अणुसंशोधनासाठी उभ्या राहिलेल्या संस्थेतील माणसे खानदेशातल्या शाळांमध्ये शिक्षकांबरोबर बसून, हाताशी असलेल्या साध्या साहित्यातून प्रयोग कसे करावेत, याचा विचार करू लागली.