जबर दुखापत : वीस दिवसांचे माप

कायद्याच्या मराठीत ‘दुखापत’ आणि ‘जबर दुखापत’ हे दोन निराळे अपराध आहेत. हत्याराविना केलेल्या पहिल्यास कमाल एक वर्ष कैद, दुसऱ्यास सात वर्षे. ही विभागणी १८६० च्या भारतीय दंडसंहितेची. बुलढाणा जिल्ह्याचा वऱ्हाड मुलूख १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात असला, तरी मालकी निजामाची होती. त्यामुळे इंग्रजी हिंदुस्थानचे कायदे तेथे वेगळ्या हुकुमानेच लागू होत.

स्मृतिग्रंथांत या अपराधाला ‘दंडपारुष्य’ म्हणत, आणि दंड ठरवताना दोघांचा वर्ण पाहिला जाई. संहितेच्या कलम ३२० ने वर्ण वगळून केवळ शरीर पाहिले. डोळा, कान, अवयव, चेहरा, हाड, दात अशा इजांचे आठ प्रकार केले. मारणाऱ्याचा तसा हेतू किंवा तशी जाणीव असणेही आवश्यक मानले. आठव्या प्रकारात जिवावर बेतणारी इजा येते. तसेच वीस दिवस तीव्र वेदना देणारी वा नित्याची कामे बंद पाडणारी इजाही येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने हे वीस दिवस पंधरावर आणले.

वर्णाचे माप गेले, ही थोर गोष्ट आहे. तरीही आम्हांस हा आकडा खटकतो. कापूस वेचणाऱ्या मजूर बाईचे ऐन हंगामातले दहा दिवस बुडाले, तर घराची वर्षाची घडी विस्कटते. हाड मोडले नसेल, तर कायद्याच्या लेखी ती साधी ‘दुखापत’च राहते.