मतदार गुरुजी आणि बिनमताचे गुरुजी

महाराष्ट्रातल्या शिक्षक संघटनांचा इतिहास संप, मोर्चे आणि आझाद मैदानावरची उपोषणे अशा क्रमाने सांगण्याची रीत आहे. माझ्या मते या इतिहासाची किल्ली राज्यघटनेच्या १७१व्या कलमात आहे. विधान परिषदेच्या एकूण जागांपैकी जवळपास एक-द्वादशांश जागा शिक्षकांच्या मतांनी भराव्यात, असे ते कलम सांगते. महाराष्ट्राच्या ७८ जणांच्या परिषदेत अशा सात जागा आहेत : मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, औरंगाबाद, अमरावती आणि नागपूर. पण मत कोणाला? माध्यमिक शाळेपेक्षा कमी दर्जाच्या नसलेल्या संस्थेत शिकवणाऱ्याला, तेही गेल्या सहा वर्षांत किमान तीन वर्षे शिकवले असेल तरच. म्हणजे आठवी-नववीच्या वर्गावर उभे राहणारे सर मतदार, आणि त्यांच्याकडे येणाऱ्या मुलांना अक्षर-आकडा शिकवून पाठवणारे जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी बिनमताचे. या एका रेघेने राज्यातल्या शिक्षकांच्या चळवळीचे दोन प्रवाह केले, आणि चळवळीचे बळ कशात आहे याबद्दलचा एक गैरसमजही रुजवला.

बिनमताच्या प्रवाहाची वाट आधी पाहू, कारण तिच्याकडे लक्ष कमी जाते. प्राथमिक शिक्षक आधी लोकल बोर्डाचा, मग १९४७च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याखाली जिल्हा स्कूल बोर्डाचा, आणि १ मे १९६२पासून जिल्हा परिषदेचा नोकर झाला. त्याचा मालक गावातल्या राजकारणाशी थेट जोडलेला. बदली हे तिथले सर्वांत मोठे हत्यार. कोणाला तालुक्याच्या गावी ठेवायचे आणि कोणाला डोंगरापलीकडच्या वस्तीवर धाडायचे, हे सदस्याच्या मर्जीवर ठरे. २०१७मध्ये बदल्या संगणकावर गेल्या, तोवर ही मर्जी सांभाळण्यात किती नोकऱ्या सरल्या असतील! म्हणून प्राथमिक शिक्षक संघ आणि प्राथमिक शिक्षक समिती या संघटना जिल्ह्याजिल्ह्यात पसरल्या, शिक्षकांच्या पतपेढ्या आणि सहकारी बँका हे त्यांचे दुसरे घर झाले, आणि तिथल्या निवडणुका आमदारकीच्या चुरशीने लढल्या जाऊ लागल्या. परिषदेत मत नाही म्हणून ही माणसे राजकारणाबाहेर राहिली नाहीत. त्यांनी आपले राजकारण खालच्या पायरीवर उभे केले.

मतदार असलेल्या माध्यमिक शिक्षकाचा मालक वेगळा होता : खासगी संस्था. पगारपत्रकावर सही एका आकड्यावर आणि हातात पडे दुसराच, ही त्या काळातली ठसठस. संस्थाचालकाची मर्जी फिरली की नोकरी गेली. अशा माणसाला सभागृहातला हक्काचा आमदार मोलाचा वाटणारच. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७चा कायदा या वर्गाची सर्वांत मोठी कमाई. १९८१च्या नियमांसह तो लागू झाला आणि दोन वर्षांच्या समाधानकारक परिवीक्षेनंतर कायमपण, चौकशीशिवाय बडतर्फी नाही, आणि शाळा न्यायाधिकरणाकडे अपील, एवढे कवच शिक्षकाला मिळाले. शिक्षकांसाठी राखलेल्या जागांचे समर्थक हा कायदा पुराव्यादाखल पुढे करतात. पण केरळमध्ये विधान परिषदच नाही. तरी तिथे जोसेफ मुंडश्शेरी यांनी आणलेल्या शिक्षण कायद्याने अनुदानित शाळांतल्या शिक्षकांचा पगार थेट सरकारकडून देण्याची सोय १९५०च्या दशकातच केली. उलट उत्तर प्रदेशात परिषद होती, ओमप्रकाश शर्मा यांच्यासारखा शिक्षक नेता जवळपास पाच दशके तिथे बसला, आणि तिथेही वेतन देण्याचा कायदा १९७१मध्ये झाला. मग जागेची कमाई किती आणि संघटित दडपणाची किती, हा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

तो मांडताना १९७७च्या डिसेंबरात सुरू झालेला संप डोळ्यांआड करता येत नाही. र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली सरकारी, जिल्हा परिषद कर्मचारी आणि शिक्षक एकत्र उतरले आणि ५४ दिवस टिकले. मागणी एकच : केंद्राच्या दराने महागाई भत्ता. तेव्हा ती पदरात पडली नाही, पण पुढे पुलोद सरकारने तो दर मान्य केला. या संपात मतदार आणि बिनमताचे असा भेद नव्हता. आता पुढची वर्षे पाहा. २०००मध्ये शिक्षणसेवक योजना आली : प्राथमिकला महिना तीन हजार, माध्यमिकला चार हजार मानधन, तीन वर्षे. नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’चा शिक्का बसला, आणि २००९मध्ये ‘कायम’ शब्द गळाला तरी २० टक्के अनुदानाचा पहिला टप्पा हाती यायला २०१६ उजाडले. १ नोव्हेंबर २००५पासून नेमलेल्यांची जुनी पेन्शन गेली. हे सारे घडत असताना परिषदेत सातही शिक्षक आमदार होते. त्यांनी प्रश्न विचारले, सभात्याग केले, काहींनी जीव तोडून भांडण मांडले. पण ७८ जणांच्या सभागृहात, तेही पैशाच्या विधेयकावर अंतिम शब्द नसलेल्या सभागृहात, सात मते धोरण अडवू शकत नव्हती.

यावर संघटनांचे म्हणणे असे, की जागा नसत्या तर ऐकायलाही कोणी नव्हते. हे खरे आहे, आणि २०२३च्या सुरुवातीच्या निवडणुकीत त्याचा प्रत्यय आला. नागपुरात विदर्भ माध्यमिक शिक्षक संघाचे सुधाकर अडबाले निवडून आले, आणि जुनी पेन्शन हाच त्या लढतीचा गाभा होता. कोकणात मात्र भाजपचे ज्ञानेश्वर म्हात्रे जिंकले. एकच प्रश्न सगळीकडे एकच कौल देत नाही. शिवाय शिक्षक मतदारसंघातून उभा राहणारा शिक्षकच असला पाहिजे, असे घटना कुठेही म्हणत नाही. पदवीधर मतदारसंघाबद्दल असाच मुद्दा निघाला तेव्हा उमेदवार पदवीधर असण्याची गरज नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७२मध्ये दिला. त्यामुळे पक्षांना वाट मोकळी राहिली. शिक्षक भारतीच्या कपिल पाटलांनी २००६पासून राखलेली मुंबईची जागा २०२४मध्ये शिवसेनेच्या ठाकरे गटाकडे गेली. शिक्षक परिषद, टीचर्स डेमोक्रॅटिक फ्रंट (टीडीएफ), शिक्षक भारती अशा संघटना एकाच शिक्षकाच्या पहिल्या पसंतीच्या मतासाठी एकमेकींविरुद्ध उभ्या राहतात, तेव्हा फळी फुटते ती शिक्षकांचीच.

दुसरा आक्षेप पालकांचा आहे आणि तो हलका नाही. १४ मार्च २०२३ला जुन्या पेन्शनसाठीचा संप सुरू झाला तो परीक्षांच्या हंगामात, आणि सात दिवस वर्ग बंद राहिले. मुलांचे नुकसान झाले, हे नाकारू नये. पण तीन हजारांवर तीन वर्षे राबवलेला शिक्षक आणि अनुदानाच्या आशेवर दशकभर बिनपगारी शिकवणारी बाई यांच्या या स्थितीनेही मुलांचे नुकसानच होत होते, फक्त त्याची बातमी होत नव्हती. त्या सात दिवसांत जिल्हा परिषदेचे गुरुजी आणि माध्यमिकचे सर पुन्हा एका मंडपाखाली आले. वर्षभरात, मार्च २०२४मध्ये, शेवटच्या पगाराच्या ५० टक्के निवृत्तिवेतनाची सुधारित योजना सरकारला जाहीर करावी लागली. जुनी पेन्शन ती नव्हे, पण अठरा वर्षांत सरकार प्रथमच इतके मागे सरकले. प्राथमिक शिक्षकांना परिषदेत मत द्या, ही त्यांच्या संघटनांची मागणी म्हणूनच मला रास्त वाटते. मतदार संख्येने फार वाढतील आणि परिषदेचा तोल बिघडेल, असे तिच्याविरुद्ध म्हणतात. पण जागा सातच राहणार आहेत. मतदार वाढल्याने संघटनांना दोन्ही प्रवाहांशी एकाच वेळी बोलावे लागेल, एवढाच फरक पडेल. आणि १७१व्या कलमाचा दुसरा खंड नीट वाचला तर संसदेने कायद्याने वेगळी तरतूद करेपर्यंतच सध्याची रचना लागू आहे. त्यासाठी घटनादुरुस्तीची गरज नाही, संसदेचा साधा कायदा पुरतो.