दुखणे थांबवणाऱ्या गोळीचा उशिरा लागलेला हिशेब

३० सप्टेंबर २००४ रोजी ‘मर्क’ या अमेरिकी कंपनीने आपली ‘व्हायॉक्स’ ही गोळी जगभरातून मागे घेतली. संधिवाताचे दुखणे आणि सूज उतरवणारी ही गोळी १९९९ मध्ये बाजारात आली होती. पाच वर्षांत सुमारे ८ कोटी लोकांनी ती घेतली. एकट्या २००३ या वर्षात तिची विक्री अडीच अब्ज डॉलरच्या घरात होती. तिच्यातले मूळ द्रव्य रोफेकॉक्सिब भारतातही विकले जात होते. इथेही त्याच वर्षी त्यावर बंदी आली. दीर्घकाळ ही गोळी घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघाताचे प्रमाण वाढलेले आढळले होते.

कोट्यवधी लोक जे औषध घेत होते, त्याचा धोका कळायला पाच वर्षे का लागावीत? या प्रश्नाचे उत्तर शोधायला थोडे मागे जावे लागते.

१७६३ मध्ये एडवर्ड स्टोन या इंग्रज पाद्र्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र पाठवले. विलो झाडाच्या सालीची पूड दिल्याने हिवताप उतरतो, असा त्याचा अनुभव होता. १८२८ मध्ये म्युनिकच्या योहान बुखनर यांनी या सालीतून ‘सॅलिसिन’ वेगळे केले. पुढे त्यापासून सॅलिसिलिक ॲसिड आले. गुण यायचा, पण पोटात आग व्हायची. १८९७ मध्ये जर्मनीच्या ‘बायर’ कंपनीत त्याचे सौम्य रूप तयार झाले आणि १८९९ पासून ते ‘ॲस्पिरिन’ या नावाने विकले जाऊ लागले.

सौम्य म्हणून आलेल्या या गोळीनेही पोटाला इजा होतेच, हे डोळ्यांनी दिसायला १९३८ साल उजाडले. डाउथवेट आणि लिंटॉट या ब्रिटिश डॉक्टरांनी दुर्बीण घालून रुग्णांची जठरे तपासली, तेव्हा ॲस्पिरिनने आतले अस्तर लाल झालेले, दुखावलेले दिसले. मधली जवळपास चाळीस वर्षे लोक गोळ्या घेत राहिले. पोटदुखी, आम्लपित्त, अल्सर ही रोजचीच दुखणी. त्यामागे गोळीचा हात असेल अशी शंका सहसा कुणाला यायची नाही.

हे असे का होते, ते १९७१ मध्ये जॉन वेन यांनी उलगडले. शरीरात सूज आणि वेदना निर्माण करणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये ॲस्पिरिन तयारच होऊ देत नाही. पण याच कुळातली द्रव्ये जठराचे अस्तरही राखतात. चोराबरोबर राखणदारही पकडला जात होता. वेन यांना या कामासाठी १९८२ मध्ये नोबेल मिळाले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कळले की ही द्रव्ये बनवणारे एन्झाइम दोन प्रकारचे आहे. कॉक्स-१ पोट सांभाळते, कॉक्स-२ सूज आणते. मग फक्त कॉक्स-२ रोखणारी गोळी काढली तर? व्हायॉक्सचा जन्म या विचारातून झाला.

कल्पना चुकीची नव्हती. आठ हजारांहून अधिक संधिवाताच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत, नेप्रोक्सेन या जुन्या औषधाच्या तुलनेत व्हायॉक्सने पोटाच्या गंभीर तक्रारी निम्म्यावर आणल्या. पण नोव्हेंबर २००० मध्ये छापून आलेल्या त्याच निबंधात आणखी एक आकडा होता. हृदयविकाराचा झटका नेप्रोक्सेन गटात ०.१ टक्के, तर व्हायॉक्स गटात ०.४ टक्के. याचा अर्थ असा लावला गेला की व्हायॉक्स घातक नाही, नेप्रोक्सेनच हृदयाला वाचवत असावे. पुढे उघड झाले की व्हायॉक्स गटातले आणखी तीन झटके त्या निबंधात आलेच नव्हते. २००४ मध्ये दुसऱ्या चाचणीत व्हायॉक्सची तुलना औषध नसलेल्या गोळीशी झाली आणि ती पळवाट बंद झाली. २००७ मध्ये कंपनीने चूक कबूल न करता ४.८५ अब्ज डॉलर देऊन हजारो दावे मिटवले.

रक्तवाहिन्यांच्या अस्तरात कॉक्स-२ जे द्रव्य बनवते ते गुठळी होऊ देत नाही. ते रोखले की पारडे गुठळीच्या बाजूला झुकते. सांधेदुखीचा रुग्ण बहुधा वयस्क. साठीतल्या माणसाला झटका आला तर घरचे म्हणतात, वय झाले होते. थॅलिडोमाइडचे दुष्परिणाम १९६१ मध्ये उघड झाले, कारण हातपाय नसलेली बाळे जन्मणे अतिशय दुर्मीळ होते. नेहमीच्या आजाराचे रूप घेऊन येणारा धोका मात्र मोजल्याशिवाय, तुलना केल्याशिवाय दिसत नाही.

ही जाण नवी नाही. हकीम इब्न सीना यांनी अकराव्या शतकात ‘अल-कानून’च्या दुसऱ्या खंडात औषध पारखण्याचे नियम घालून दिले. त्यातला एक असा की औषधाचा परिणाम सतत किंवा बहुतेक वेळा दिसला पाहिजे, नाहीतर तो योगायोग समजावा. दुसरा असा की परीक्षा माणसाच्या शरीरावरच व्हावी. सिंहावर किंवा घोड्यावर घेतलेल्या अनुभवाने माणसाबद्दल काही सिद्ध होत नाही.

या दुसऱ्या नियमाची उलटी बाजू आपल्या उपखंडाने पाहिली. माणसांना आणि गुरांना चालणारे डायक्लोफेनॅक गिधाडांना जीवघेणे ठरले. औषध दिलेल्या गुरांचे मढे खाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. नव्वदच्या दशकापासून पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. आधी संशय साथीच्या रोगावर होता. खरे कारण २००४ मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून कळले. २००६ मध्ये भारताने गुरांसाठी ते बंद करायला घेतले. तोवर मुंबईत डुंगरवाडीच्या दख्म्यांवर गिधाडे उतरणे थांबले होते आणि पारशी समाजाच्या शतकानुशतकांच्या अंत्यविधीपुढेच प्रश्न उभा राहिला होता.

डायक्लोफेनॅक माणसांसाठी आजही मिळते, आणि जास्त मात्रेत ते हृदयाला जवळपास कॉक्सिब गोळ्यांइतकाच धोका देते, हे २०१३ पासून स्पष्ट आहे. तरीही गुडघे धरले की चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून पत्ता आणायचा, हे आपल्या घरांत सर्रास चालते. रमजानमध्ये हेच अधिक जपायला हवे. उपाशी पोटी ही गोळी जठराला टोचते आणि दिवसभर पाणी नसताना मूत्रपिंडावर ताण आणते. रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. ॲस्पिरिन हृदयासाठी लिहून दिले असेल तर ते आपल्या मनाने बंदही करू नये.

या गोळ्यांनी असंख्य लोकांना चालते-फिरते ठेवले, हेही तितकेच खरे. कमीत कमी मात्रा आणि कमीत कमी दिवस, हा आजचा वैद्यकीय सल्ला दोन शतकांच्या या अनुभवातून आला आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या उशाशी कोणता पत्ता आहे आणि तो किती महिन्यांपासून चालू आहे, एवढे तरी आपण पाहू शकतो.