युटिलिटी क्लास : सूत्ररूप शैलीलेखन
वेबपृष्ठावरील घटकाचे रंगरूप ठरविताना स्वतंत्र शैलीपत्रकात त्याच्यापुरते नियम न लिहिता, एकेका दृश्यगुणाचा निर्देश करणाऱ्या आखूड सांकेतिक नावांची ओळच त्या घटकाच्या ‘क्लास’ या गुणधर्मात मांडण्याची पद्धती. प्रत्येक नावाकडे बहुधा एकच काम सोपविलेले असते. ‘टेलविंड’ या सर्वांत प्रचलित संचात ‘पी-४’ या नावाने चारी बाजूंस १ रेम, अर्थात सामान्यतः १६ पिक्सेल, आतली मोकळी जागा सुटते; ‘टेक्स्ट-सेंटर’ने मजकूर मधोमध येतो; ‘राउंडेड-एलजी’ने कोपरे गोलावतात; आणि अशी पाच-पंधरा नावे शेजारी शेजारी बसविली की एका बटणाचे सारे वर्णन सिद्ध होते. जुन्या पत्रव्यवहारातील ‘सा. न. वि. वि.’च्याच जातीचा हा संक्षेप होय. मात्र तेथे वाचणारा माणूस संकेत जाणून असे, येथे वाचणाऱ्या ब्राउझरास प्रत्येक संक्षेपाचा विस्तार शैलीपत्रकात आधी लिहून द्यावाच लागतो.

होकोन व्हियूम ली यांनी १० ऑक्टोबर १९९४ रोजी सर्न येथून सीएसएस या शैलीभाषेचा प्रस्ताव मांडला आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिच्या पहिल्या पातळीस वेब महासंघाची मान्यता मिळाली, तेव्हापासून आशय एका दफ्तरात व त्याचा पोशाख दुसऱ्या दफ्तरात, हा शिरस्ता पडला. डेव्ह शे यांच्या ‘सीएसएस झेन गार्डन’ने २००३ साली तोच मजकूर, केवळ शैलीपत्रक पालटून, अगदी निरनिराळ्या रूपांत दाखविला आणि या तत्त्वाचा जणू प्रत्यक्ष दाखलाच दिला. परंतु जेथे अनेक हात वर्षानुवर्षे एकाच शैलीपत्रकात फेरफार करतात, तेथे कोणता नियम कोठे अंमल गाजवीत आहे याची रुजवात घेणे अशक्यप्राय होते, सबब जुना नियम काढून टाकण्यास कोणी धजत नाही आणि दफ्तर फुगतच जाते. फेसबुकच्या जुन्या मुखपृष्ठासाठी आकुंचित स्वरूपातही ४०० किलोबाइटांहून अधिक सीएसएस उतरवावे लागे व त्यातील सुमारे दहावा हिस्साच पहिल्या दर्शनी उपयोगात येई; २०२० च्या पुनर्रचनेत एका नावाकडे एकच काम सोपविण्याच्या याच तत्त्वाने तो भार ८० टक्क्यांनी उतरला. कारण उघड आहे : पृष्ठे कितीही वाढली तरी ‘मजकूर मधोमध’ हा नियम एकदाच लिहावा लागतो.

या पद्धतीची सैद्धांतिक मांडणी थिएरी कोब्लेंट्झ यांनी याहूमधील अनुभवावरून २०१३ साली एका लेखात केली. अ‍ॅडम मोर्स यांचा ‘टॅकियॉन्स’ हा संच २०१४ चा. अ‍ॅडम वॅथन यांनी ऑगस्ट २०१७ मध्ये निबंध लिहून आशय व शैली यांच्या विभक्तीची चर्चा नव्याने उपस्थित केली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ‘टेलविंड’ प्रसिद्ध झाले.

हे लेखन घटकावरच होत असल्याने ‘स्टाइल’ या गुणधर्मात थेट नियम लिहिण्याच्या निषिद्ध मानलेल्या प्रथेचेच हे रूपांतर होय, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी खरा नाही. ‘स्टाइल’मध्ये दर्शक टेकताच रंग पालटावा किंवा रुंद पडद्यावर दोन स्तंभ व्हावेत अशी तरतूद करता येत नाही, येथे ‘होव्हर:’ अथवा ‘एमडी:’ हे उपपद जोडले की काम भागते, पैकी दुसऱ्याचा अंमल ७६८ पिक्सेलांपासून पुढे चालतो. याहून महत्त्वाचा भेद संयमाचा आहे. ‘स्टाइल’मध्ये १३ पिक्सेल, १७ पिक्सेल, मनास येईल तो आकडा लिहिता येतो, संचातील मापे मात्र मुख्यतः ४ पिक्सेलांच्या पटीत बांधलेली असतात, त्यामुळे दहा जणांनी केलेली दहा पृष्ठे एकाच घराण्यातील वाटतात. प्रस्तुत लेखकाच्या मते या पद्धतीचे खरे बळ या बंधनातच आहे, आखूडपणात नव्हे. २०२१ पासून ‘टेलविंड’मध्ये चौकोनी कंसात हवे ते माप घालण्याची सवलत मिळाली. ती गरजेची असली तरी त्या दाराने जुनी स्वैरता परत आत येते.

‘टेलविंड’मध्ये आरंभी सर्व संभाव्य नावांचे नियम निर्माण करून अनावश्यक ते छाटले जात; डिसेंबर २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून उलट रीत सर्रास झाली, म्हणजे यंत्रणा मूळ धारिका साध्या मजकुराप्रमाणे चाळते व जी नावे सापडतील तेवढ्यांचेच नियम सिद्ध करते. यातूनच नवशिक्याची नित्याची फसगत उद्भवते. ‘टेक्स्ट-’, रंगाचे नाव व ‘-६००’ हे तुकडे कार्यक्रम चालू असताना जोडले, तर अखंड नाव मूळ मजकुरात कोठेच नसल्याने नियम तयार होत नाही आणि अक्षरे बेरंगच राहतात. कोठेही चूक नोंदली जात नाही, म्हणून शोध अधिकच लांबतो. तसेच ‘पी-२’ आणि ‘पी-४’ एकत्र आल्यास जय कोणाचा हे ओळीतील क्रमावरून ठरत नसून शैलीपत्रकातील क्रमावरून ठरते.

वाचनीयतेची तक्रार मात्र रास्त आहे : वीस नावांच्या ओळीतून हे बटण ‘रक्कम भरा’चे की ‘रद्द करा’चे, हे कळत नाही. यावर उपाय म्हणून बटणाचा एकच घटक-नमुना करून त्यातच ती ओळ ठेवतात व अन्यत्र केवळ नमुन्याचे नाव वापरतात.

हे संच रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून घडलेले असल्याने देवनागरी पृष्ठांत काही नावे जपून वापरावी लागतात. ‘अप्परकेस’चा आपल्या अक्षरांवर काहीच परिणाम होत नाही, ‘ट्रॅकिंग-वाइड’ने अक्षरांत अंतर पडून शिरोरेषा तुटू शकते, आणि ‘लीडिंग-नन’ने ओळीची उंची अक्षराच्या मापाइतकीच झाली की रफार व उकार यांस जागा उरत नाही, त्यात ‘ट्रंकेट’ जोडले तर ‘पूर्ती’चा ऊकार व वेलांटी छाटली जाण्याचा संभव असतो.